उष्णतेचा जमाखर्च

वीजबिल हा दरमहा घरी येणारा असा एक कागद आहे की, ज्यावरील देय रकमेचा आकडा आणि मुदतीची तारीख एवढ्या दोनच गोष्टी पाहून बहुतेक गृहस्थ तो खुंटीवरच्या तारेत अडकवितात, आणि रक्कम नेहमीपेक्षा फुगलेली दिसली म्हणजे प्रथम मीटरवर, मग महावितरणवर व अखेरीस घरातील मुलांवर रोष काढून मोकळे होतात. वास्तविक जुन्या मामलेदार कचेरीतला कारकून वसुलाचा तक्ता ज्या सावधपणे कलमवार ताडून पाही, त्या सावधपणे हा कागद वाचला, तर घरात वीज कोठे मुरते या कोड्याचा निम्मा उलगडा तेथल्या तेथे होतो.

पहिले कलम स्थिर आकाराचे. कुलूप लावून गावाला गेलेल्या घरालाही तो चुकत नाही, तेव्हा काटकसरीच्या दृष्टीने त्याचा विचार सोडूनच द्यावा. त्यानंतर येतो वीज आकार, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांची किंमत. मग ती वीज तारांवरून आपल्या दारापर्यंत आणून पोहोचविल्याचा वहन आकार. मग इंधनाच्या किमतीतील चढउतारापोटी कमीअधिक होणारा इंधन समायोजन आकार. आणि या सर्वांवर शेकडा 16 या प्रमाणात राज्य शासनाचे वीज शुल्क. हे दर महावितरण आपल्या मर्जीने ठरवीत नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशाबरहुकूम ठरतात, आणि घरगुती ग्राहकांसाठी त्यांचे चार टप्पे केलेले आहेत: पहिली 100 युनिटे, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढची. अलीकडच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्यातील वीज आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीच्या घरात आहे. यावरून लोकांत एक गैरसमज रूढ झाला आहे तो असा की, 101 वे युनिट पडताच मागची सगळी युनिटेही महाग होतात. तसे होत नाही. महाग होते ते 101 वे आणि त्यानंतरचे. पहिली 100 आपल्या जुन्याच भावात राहतात. या व्यवस्थेचा गृहस्थाला उपयोगी पडणारा अर्थ मात्र क्वचितच कोणी सांगतो. वापर कमी केला म्हणजे कपात वरच्या बाजूने होते, आणि वाचणारे प्रत्येक युनिट हे त्या महिन्याचे सर्वांत महाग युनिट असते. 140 युनिटांचे घर 100 वर आले, तर युनिटांत घट 29 टक्क्यांच्या आत असते. परंतु वीज आकारातील घट, दुपटीच्या दराने, त्याहून बरीच मोठी भरते.

हे एकदा ध्यानात आले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: ही वरची 40 युनिटे कोणाची? या प्रश्नाला घरोघर मिळणारे उत्तर ठरलेले आहे. ‘दिवे चालू ठेवता, दुसरे काय!’ परंतु 9 वॉटचा आजचा एलईडी दिवा रोज 5 तास जळला, तरी महिन्याकाठी त्याच्या नावे 1.35 युनिट एवढाच खर्च पडतो. ज्या काळी खोलीत 60 किंवा 100 वॉटचा तारेचा दिवा होता, त्या काळात हा उपदेश यथार्थ होता. दिवा बदलला, उपदेश मात्र राहून गेला.

आता पुणे जिल्ह्यातील नारायणगाव अथवा मंचर येथील पाच माणसांच्या एखाद्या घराचा पौष महिन्यातला हिशेब मांडून पाहू. गच्चीवरील टाकीतले पाणी पहाटे 18 अंशांवर असते असे धरू, आणि अंगावर घेण्याजोगे पाणी 42 अंशांचे. 20 लिटरची एक बादली 24 अंशांनी तापविण्यास, साध्या गुणाकाराने, 0.56 युनिट लागते. पाच बादल्यांना 2.8, आणि 30 दिवसांना 84. म्हणजे ज्या पहिल्या टप्प्यात स्वस्त वीज मिळते, तो जवळजवळ सगळाच्या सगळा नुसत्या आंघोळीत वाहून जातो, आणि पंखा, शीतकपाट, दूरदर्शन संच, मिक्सर यांना महाग युनिटांवर गुजराण करावी लागते. गीझरऐवजी बादलीत कांडी सोडली तर हा आकडा फारसा हलत नाही, कारण पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच. धोका तेवढा वाढतो. गीझरचे बटण सकाळी दाबून ते दुपारी बंद करणाऱ्या घरांत याच्यावर आणखी भर पडते, ती टाकीच्या भिंतींतून हळूहळू पाझरून जाणाऱ्या उष्णतेची.

गावोगाव पहाटे सहा ते आठ या वेळात हे एकदमच घडते, ही याची दुसरी बाजू. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभ्याचे धरण आहे, त्याच्या पायथ्याशी 5 मेगावॉटचा जलविद्युत संच आहे. जुन्नरला कुकडीवरच्या माणिकडोहचा 6 मेगावॉटचा. 2,000 वॉटचे 2,500 गीझर एकाच वेळी चालू झाले की डिंभ्याच्या संचाची पूर्ण शक्ती त्यांतच संपते. आणि मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा येथील नव्या इमारती पाहिल्या म्हणजे 2,500 हा आकडा मोठा वाटत नाही. शिवाय ही धरणे मूलतः सिंचनासाठी. पाणी सुटेल तेव्हा वीज, असा त्यांचा क्रम. तेव्हा गीझरला मिळणारी वीज बहुतांशी दूरवरच्या औष्णिक केंद्रातून येते. तेथे कोळशातील उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकीचा धुराड्यावाटे व थंड करण्याच्या पाण्यावाटे निघून जातो. आणि इतक्या नासाडीतून हाती आलेल्या त्या उच्च प्रतीच्या शक्तीची आपण पुन्हा उष्णता करतो, तीही केवळ पाणी कोमट करण्यासाठी.

आपल्या पूर्वजांना ही चैन परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बंब केला. जुन्नरच्या पेठेतील एखाद्या जुन्या वाड्याच्या परसात तो अजून दृष्टीस पडतो. वरून पाहता तो तांब्याचा एक गोल हंडा. परंतु त्याची खरी खुबी आत आहे. मधोमध तळापासून वरपर्यंत एक नळी गेलेली असते, तिच्या खाली जाळीवर विस्तव, आणि नळीच्या सभोवार पाणी. ज्वाळा व तप्त धूर बाहेर पडण्यापूर्वी त्या सबंध नळीला स्पर्श करून जातात, त्यामुळे चुलीवरच्या पातेल्याला जी उष्णता फक्त बुडाने मिळते ती येथे पाण्याला आतून, चहूकडे मिळते. जळणही असे की ज्याला बाजारात भाव नाही: मक्याची बुरकुंडे, नारळाच्या करवंट्या, अंगणातल्या काटक्या. धुराची अडचण खरी आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत बंब पेटविण्याचा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. ज्यांची स्वतःची गच्ची आहे त्यांच्यासाठी सौर बंब हा आजचा पर्याय. त्यात विजेचा फेरा न घेता उन्हाची उष्णता सरळ पाण्यात जाते. पूर्वेकडच्या बेल्हे, आळे, मंचर या कोरड्या पट्ट्यात तो वर्षाचे आठ महिने निर्वेधपणे काम देतो. पश्चिमेला आहुपे, भीमाशंकर, घाटघर या बाजूला आषाढ-श्रावणात सूर्यदर्शनच दुर्मीळ, तेथे त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

बारीकसारीक गळतीसाठी मीटरपाशी जावे. नव्या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ 3200 अथवा 1600 असा आकडा छापलेला असतो. एका युनिटात तो ठिपका तितक्या वेळा लुकलुकतो. मीटर 3200 चे असेल, तर एका मिनिटात जितके लुकलुकणे मोजले त्याला 18.75 ने गुणावे, म्हणजे त्या क्षणी घरात किती वॉट खर्च होत आहेत ते कळते. 1600 चे असेल तर 37.5 ने. रात्री सर्वजण निजल्यावर, शीतकपाटाचा खटका घटकाभर उतरवून हा प्रयोग करावा. सारे काही बंद आहे असे आपण समजत असतो, आणि ठिपका तर मिनिटाला एकदा लुकलुकतो. रिमोटने बंद केलेला टीव्ही, अहोरात्र ऊबदार राहणारा सेट टॉप बॉक्स, भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर, इन्व्हर्टर हे तेथे हजेरी लावून असतात. 10 वॉटचा एकटा सेट टॉप बॉक्स महिनाभरात 7.2 युनिटे घेतो. वर उल्लेखिलेल्या एलईडी दिव्याच्या पाचपटीहून अधिक.

या यादीतले सगळे खटके उतरवूनही ठिपका थांबला नाही, तर मात्र वायरमनला बोलावावे, कारण मग वीज कोठे तरी जमिनीत मुरत आहे. सैल पडलेला जोडही असाच दुर्लक्षित राहतो. त्यात खर्च थोडा, पण ठिणगी असते, आणि ठिणगी आगीला पुरेशी होते.  

दिवे बंद ठेवण्याच्या उपदेशाला जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत आणखी एक मर्यादा आहे, आणि ती पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने येथे उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाच्या आश्रयाला बिबट्या आला. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आज सर्वांना ठाऊक आहे. रात्रीऐवजी दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची मागणीही या भीतीतूनच तीव्र झाली. मळ्यातल्या घराचा बाहेरचा दिवा म्हणून येथे दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत जळतो. उजेडाने बिबट्या फिरकतच नाही असे नव्हे. परंतु गोठ्यात वासरू हंबरले, तर दार उघडण्यापूर्वी खिडकीतून अंगण दिसते, आणि तेवढे दिसणे हे त्या घरातल्या बाईमाणसाला व म्हाताऱ्या माणसांना फार मोलाचे असते. अशा घराला ‘दिवा मालवा’ असे सांगणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. तेथे सांगण्याजोगे एवढेच की, 100 वॉटचा तारेचा दिवा 11 तासांच्या रात्रीला, 30 दिवसांत, 33 युनिटे घेतो. 9 वॉटचा एलईडी 3 युनिटांत जवळपास तेच काम करतो. गोठ्यापाशी दुसरा, परसात तिसरा असे तीन दिवे लावले, तरी 9 युनिटांत भागते, आणि अंगणाचा एकही कोपरा अंधारात राहत नाही.

पंख्याचे गणित सरळ आहे. जुना छतपंखा 75 वॉटांच्या आसपास खातो, नव्या बीएलडीसी जातीचा 30 च्या. रोज 12 तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिटे वाचतात. शीतकपाटाला भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, दाराचे रबर सैल झाले असल्यास बदलावे, आणि नवे घेताना ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलावरील ताऱ्यांइतकेच खालच्या बारीक अक्षरांतील वार्षिक युनिटांकडे पाहावे. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत जातात, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचे पाच तारे हे आजचे पाच तारे नव्हेत.

परंतु पंखा किती वेळ चालवावा लागतो, ते घरावर अवलंबून असते, आणि या बाबतीत जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी काम करून गेलेले कारागीर आपल्या आजच्या गवंड्यांपेक्षा अधिक जाणते होते असे म्हणावेसे वाटते. लेण्याद्रीची लेणी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली. डोंगराच्या दक्षिणेकडील अंगात ती कोरलेली आहेत. सातव्या क्रमांकाच्या विहारात, जेथे पुढे गिरिजात्मजाची स्थापना झाली, एकाही खांबाच्या आधारावाचून सोडलेले विस्तीर्ण सभागृह आहे, आणि दिवसा तेथे दिव्यावाचून अडत नाही. हे केवळ यदृच्छेने घडले असे वाटत नाही. जुन्नरचे अक्षांश सुमारे 19.2. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून 47 अंशांवर असतो, त्यामुळे त्याचे ऊन दक्षिणाभिमुख द्वारातून आत शिरून थंडीत ऊब देते. आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तोच सूर्य मध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या द्वारात दुपारचे थेट ऊन पडतच नाही. वर डोंगराचा भार, तो दिवसभरात तापून आतपर्यंत उष्णता पोहोचविण्यापूर्वी रात्र होते.

याच्या उलट आजचे वस्तीवरचे घर: चार इंची भिंती, वर पत्रा, आणि रस्ता पश्चिमेला म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला. चैत्र-वैशाखात दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन त्या भिंतीवर सरळ आदळते, भिंत ती उष्णता साठविते, आणि माणसे निजावयास जातात त्या सुमारास ती आत सोडू लागते. पूर्वीच्या कौलारू घराला ओसरी होती, भेंडे जाड होते. पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांवरच्या कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप होता. पुन्हा तसे घर बांधा, असे सांगण्यात अर्थ नाही. परंतु पत्र्यावर वा गच्चीवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात फिरविण्यास खर्च फार थोडा येतो, आणि त्याने ऊन परतविले जाते. पश्चिमेच्या भिंतीलगत शेवगा लावता येतो. नवे घर बांधणाऱ्याने जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेस ढकलून निजण्याची खोली वाचवावी. नकाशा कागदावर असतानाच हे करावयाचे असते. गोठ्याच्या पत्र्यावर पाचट पसरण्याची पद्धत गुणकारी आहे. मात्र विजेची तार वरून जात असेल, तर ती करू नये.

स्वयंपाकघरातील इंधन बिलात दिसत नाही, सिलिंडरच्या किमतीत दिसते, आणि पश्चिमेकडील गावांत तर पैशातही दिसत नाही, बाईच्या डोक्यावरच्या मोळीत दिसते. साध्या मातीच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा दहा-पंधरा टक्केच भाग भांड्याला मिळतो. बाकीचा आढ्याला आणि बाईच्या डोळ्यांना. उज्ज्वला योजनेने 2016 पासून शेगडी घरात आली, हे मोठेच काम झाले. तथापि शेगडी आली म्हणून सिलिंडर दरवेळी भरून आणणे परवडतेच असे नाही, आणि चूल पूर्णपणे विझत नाही. अशा वेळी पुण्याच्या आरती या संस्थेचे काम मला फार महत्त्वाचे वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने 1996 साली स्थापन झालेल्या या संस्थेने, शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली, आणि तिला 2002 साली ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेचा सराई कुकर म्हणजे एकावर एक रचलेली भांडी, खाली थोडे पाणी आणि कोळशाची छोटी शेगडी; 100 ग्रॅमच्या आसपास कोळशावर भात, वरण व भाजी वाफेवर शिजते. ज्या मुलखात हिवाळ्याच्या रात्री पाचटाच्या जाळाने क्षितिज तांबडे दिसते, तेथे हा कुकर अजून घरोघरी दिसत नाही, याचे नवल वाटते.

गॅसवर शिजविणाऱ्यांनी एक भौतिक सत्य जाणावे. पाण्याला उकळी फुटली की त्याचे तापमान तेथेच थांबते. त्यानंतर मोठा केलेला जाळ पदार्थ लवकर शिजवीत नाही, नुसती वाफ करतो, आणि पाण्याची वाफ करण्यास ते तापविण्यापेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच. येथे पाणी 100 नव्हे, 98 अंशांच्या जरा खालीच उकळते, आणि भीमाशंकराच्या माथ्यावर त्याहूनही एक अंश खाली. हरभरा, वाटाणा, वाल उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाहीत त्याला हेही एक कारण आहे. कुकरमध्ये दाबामुळे तेच पाणी 120 अंशांपर्यंत जाते. कडधान्य रात्री भिजत घालावे, कुकरला पहिली शिटी होताच जाळ बारीक करावा, आणि शेवटी वाफ हाताने न सोडता आपोआप जिरू द्यावी. त्या जिरण्याच्या काळातही आत शिजणे चालूच असते, फुकट.

राहता राहिली छतावरची सौर वीज, जिच्याविषयी हल्ली सर्वाधिक विचारणा होते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेखाली केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॉटांना एकूण 78,000 रुपये अनुदान देते. एका किलोवॉटमागे वर्षाची सरासरी दिवसाला 4 युनिटांच्या आसपास पडते. दिवसा जादा निर्माण झालेली वीज जाळ्यात जमा होते, रात्रीच्या वापरातून वजा होते, महिन्याची शिल्लक पुढच्या महिन्याला ओढली जाते, आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस तिचा ताळेबंद होतो. तजवीज चांगली आहे. परंतु विक्रेता जेव्हा मागील वर्षाची बिले मागून ‘तुम्हाला तीन किलोवॉट लागतील’ असे सांगतो, तेव्हा त्या बिलांत महिन्याकाठी, थंडीत गीझरची 84 युनिटे, जुन्या तीन पंख्यांची जास्तीची 48 युनिटे आणि अंगणातल्या दिव्याची 30 युनिटे आहेत, हे तो सांगत नाही. ते त्याचे कामही नव्हे. ही गळती आधी बुजविली, तर जेथे तीन किलोवॉट सुचविले गेले तेथे दोनात भागते, आणि ज्या घराचा वापर मुळातच 100 युनिटांच्या आत उतरला, त्याच्या स्वस्त युनिटांची जागा घेण्यात पॅनलची किंमत फिटण्यास इतकी वर्षे लागतात की, त्या गृहस्थाने छत तूर्त रिकामेच ठेवून गच्चीचा तो कोपरा सौर बंबाला दिलेला बरा.